अँड्रॉइड प्रोग्रामिंग + गेमिंगसाठी पीसी जोडायचाय, कोटेशन बघून सांगा प्लीज

मोर्णाकाठ_डेव्ह (अकोला)

नमस्कार मंडळी. मी अकोल्याचा, पुण्यातल्या एका कंपनीत अँड्रॉइड डेव्हलपर म्हणून लागलोय पण काम घरूनच आहे. कंपनीने लॅपटॉप दिलाय पण त्यावर स्वतःचं काही टाकता येत नाही. घरी जुना पीसी आहे, चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी डीडीआर३ रॅम, त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) एकत्र उघडले की माउससुद्धा हलत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, ११ ह्याच्यावर अधिकृतपणे चढत नाही. म्हणजे आता नवीन घ्यायलाच पाहिजे.

मला काय करायचंय ते सांगतो. शेतमालाच्या भावाचं एक ॲप बनवतोय, तूर, कापूस, सोयाबीन, बाजार समितीनिहाय, पूर्ण मराठीत. त्याचा बॅकएंड, म्हणजे मागची सर्व्हरची बाजू, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) चालतो, पोस्टग्रेस डेटाबेस वगैरे. थोडंफार लोकल एआय मॉडेल चालवून बघायचंय. रात्री मित्रांसोबत व्हॅलोरंट, आणि कधीतरी सायबरपंकसारखा मोठा गेम नीट खेळता आला पाहिजे.

बजेट सव्वा लाख, मॉनिटर धरून. अर्धे माझे अर्धे बाबा देताहेत त्यामुळे एकदाच आणि नीट घ्यायचंय, पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको.

दुकानदाराने दिलेलं कोटेशन: प्रोसेसर आय७ १४७००के, बी७६० बोर्ड, २४० चा लिक्विड कूलर, १६ जीबी डीडीआर५ ची एकच स्टिक, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६० ८ जीबी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, पुढून काच असलेलं आरजीबी कॅबिनेट आणि त्याच्यासोबतच ६५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर २७ इंची कर्व्ह्ड, १०८० पी, व्हीए पॅनल. एकूण एक लाख अठ्ठावीस हजार. बरोबर आहे का? काय बदलू?

---

ग्रँटरोड_लोकल (मुंबई)

भाऊ, हे असंच्या असं घेऊ नकोस. सगळा पैसा नावात आणि दिव्यांत गेलाय आणि जिथे तू रोज अडकणार आहेस तिथे, म्हणजे रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, तिथे हात आखडलाय.

प्रोसेसरपासून सुरुवात करतो. १४७००के वाईट नाही, २० कोअर आहेत, बिल्ड भराभर होतील हे मान्य. पण तो टर्बोला, म्हणजे पूर्ण वेगात, २५३ वॅटपर्यंत जातो, म्हणून लिक्विड कूलर आला, म्हणून कॅबिनेट मोठं आलं, एका गोष्टीमागे तीन खर्च. त्यात एलजीए१७०० सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रस्ता तिथेच संपतो, इंटेलने ऑक्टोबर २०२४ पासून नवीन प्रोसेसरसाठी एलजीए१८५१ आणलं. शिवाय १३व्या-१४व्या जनरेशनच्या मोठ्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते खराब होत होते ते प्रकरण आठवत असेल, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरची आतली दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. कोणाला तोच घ्यायचा असेल तर पहिल्या दिवशी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय कामाला लावू नये.

तुझ्यासाठी एएमडीचा रायझन ५ ७६०० पुरे. सहा कोअर बारा थ्रेड, ६५ वॅटचा, बॉक्समध्येच कूलर येतो, आणि आत छोटं ग्राफिक पण आहे म्हणजे कार्ड बिघडलं तरी पीसी चालू राहतो, काम थांबत नाही. घरून नोकरी करणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची आहे ते कार्ड वॉरंटीला गेलं की कळतं. ७५००एफ थोडा स्वस्त मिळतो पण त्यात हे ग्राफिक नाही, तेवढ्यासाठी मी ७६०० च सांगेन. बोर्ड बी६५०. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने २०२७ आणि त्याच्या पुढेही चालवू असं सांगितलंय. आधीच्या एएम४ वर तर २०१७ चे बोर्ड घेतलेल्या लोकांनी २०२२ चा ५८००एक्स३डी फक्त बायोस अपडेट करून बसवला. तू पाच-सहा वर्षं म्हणतोयस ना, मग तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळं तसंच.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत जो "फ्री" येतो तो घेऊ नकोस, हात जोडून सांगतो. डब्यावर ६५० लिहिलंय म्हणून १२ व्होल्टच्या लाइनवर ६५० मिळतात असं नसतं, बाजूचं स्टिकर वाच, १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघ. ५० च्या आसपास असतील तर त्या लाइनवर ६०० वॅट धर, २०-२५ असतील तर तो ६५० चा नाहीच. आणि ८० प्लस ब्राँझ-गोल्ड हे फक्त विजेची बचत सांगतं, आतली प्रोटेक्शन सर्किटं चांगली आहेत की नाही ते नाही सांगत, त्यामुळे त्या नेमक्या मॉडेलचा उघडून केलेला रिव्ह्यू शोध. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणाराच घे. हा एकच पार्ट असा आहे की तो जाताना बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो.

खरेदीचं म्हणशील तर मुंबईला येणं झालं तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. चार ठिकाणी भाव काढ, पक्कं जीएसटी बिल घे, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घे. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच घे, सुटा ट्रेमधला स्वस्त मिळतो पण मग वॉरंटी दुकानदाराच्या तोंडावर राहते.

---

सोलापूर_टू_सिल्कबोर्ड (बेंगळुरू)

वरच्या दादांशी बहुतेक सहमत, मी पण अँड्रॉइडवरच काम करतो त्यामुळे रॅमबद्दल लिहितो.

१६ जीबी तुला पुरणार नाही. स्टुडिओ, ग्रेडलचा डीमन (ॲप बांधणारा, मागे चालू राहणारा प्रोग्राम), एम्युलेटर, क्रोमचे पंधरा टॅब, आणि वरून डॉकर. विंडोजवर डॉकर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आतलं लिनक्स) मधून चालतो आणि डब्ल्यूएसएल२ काही न सांगता मशीनची अर्धी रॅम वापरू शकतो, म्हणजे १६ मधली ८ तिकडेच जाऊ शकते आणि एकदा घेतलेली लवकर परत देत नाही. युजर फोल्डरमध्ये .wslconfig नावाची फाइल करून मर्यादा घालता येते, तुझ्या बॅकएंडला ४ जीबी भरपूर झाली. हे केलंस तरी ३२ जीबी पाहिजेच.

अडचण अशी आहे की रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भयंकर चढलेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्यात, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय असं जाहीर केलं. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून रॅमचा भाव धरू नकोस, निम्म्याहून कमी धरशील आणि बजेट कोसळेल.

माझं मत: १६ च्या दोन स्टिक एकत्र, ६००० स्पीड, सीएल३० किंवा ३६ (आकडा कमी तितकी रॅम चपळ), एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची एएमडीची सेटिंग) लिहिलेली, आणि त्यासाठी बाकीचं कमी कर. ८-८ च्या दोन घेऊन नंतर अजून दोन टाकू असं अजिबात करू नको. एएम५ वर चार स्टिक लावल्या की अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, मग ६००० चे पैसे वाया.

बाय द वे, बायोसमध्ये एसव्हीएम मोड (मशीनच्या आत दुसरी मशीन चालवायची सोय) चालू आहे ना ते बघ, तो बंद असेल तर एम्युलेटरही नीट चालत नाही आणि डब्ल्यूएसएल२ पण नाही, आणि लोक तासन्तास स्टुडिओ परत परत इन्स्टॉल करत बसतात. त्याच मेनूत एक्स्पो ऑन कर, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळत राहील.

---

ग्रँटरोड_लोकल (मुंबई)

रॅमबाबत थोडं वेगळं सांगतो. दोन स्टिकचं किट आजच्या भावात त्याच्या बजेटला भोक पाडेल. मी म्हणेन आत्ता १६ ची एकच घे, बोर्ड मात्र चांगला घे, आणि सहा महिन्यांनी तेच मॉडेल दुसरं. एका स्टिकवर गेममध्ये फ्रेम कमी मिळतील, पण चालतंय.

---

सोलापूर_टू_सिल्कबोर्ड (बेंगळुरू)

सहा महिन्यांनी भाव खाली येतील ह्याची खात्री कोण देणार दादा? आणि तेच मॉडेल मिळालं तरी आतली चिप वेगळी निघू शकते, मग एक्स्पोवर स्थिर राहील की नाही ते नशिबावर, किट म्हणून विकतात ते दोन्ही एकत्र तपासलेल्या असतात. तो ह्या मशीनवर पोट भरणार आहे, गेम नंतर. कार्ड एक पायरी खाली घे म्हणावं, रॅम नको.

---

ऊनसावली_नागपूर (नागपूर)

भाऊ, हे दोघं मुंबई-बेंगळुरूवाले बरोबरच सांगून राहिले पण अकोल्याच्या मे महिन्याचं कोणी बोललं नाही. ४५ डिग्रीत मशीन चालवायची आहे. खोलीत १० डिग्री जास्त असली की आतलं तापमान पण जवळजवळ तेवढंच वर जाते, कूलर कोणताही लावा, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून पुढून काच असलेलं कॅबिनेट काढून टाक. पुढून जाळीचं घे, पुढे दोन फॅन आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, बस. जाळीच्या मागे धुळीचा फिल्टर निघणारा पाहिजे, आपल्याकडे उन्हाळ्यात पंधरा दिवसांत तो भरते, नळाखाली धू, पूर्ण वाळव, परत लाव.

आणि एक गोष्ट लय महत्त्वाची. खोलीत डेझर्ट कूलर लावत असशील तर त्याच्या वाऱ्याच्या रांगेत कॅबिनेट ठेवू नको. त्या हवेत ओल असते आणि आपलं बोअरचं पाणी जड, बारीक थेंब उडाले की क्षार जमतात. मी दुरुस्तीचं काम करतो, उघडलं की बोर्डावर आणि फॅनच्या पात्यांवर पांढरी पूड बसलेली दिसते, त्यावर धूळ चिकटून चिखलासारखा थर होते, ब्रशनं निघत नाही. कूलर खिडकीत आणि टेबल समोरच्या नाही तर आडव्या भिंतीला.

आता लाइटचं. घरात इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण असते ते त्या बाजूला पाहिजे. चांगला पॉवर सप्लाय लाइट गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरते, साध्या मोडवर इन्व्हर्टर तेवढ्यात येत नाही अन पीसी बंद पडते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर त्यावर पीसी लावूच नको. वेगळा यूपीएस घेत असशील तर ६०० व्हीएवाला घेऊ नको, तो ३६० वॅटचाच असते. तुझा हिशेब धर, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १५०-१८०, बाकी सगळं पन्नास-साठ, मॉनिटर तीस. ते साडेतीनशेला टेकलं. ११०० व्हीए घे, ६६० वॅट मिळतात, गेम सेव्ह करून अन गिटमध्ये पुश करून बंद करायला वेळ मिळते.

अर्थिंग तपासून घे. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की झिणझिण्या आल्या तर समज अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आतला फिल्टर थोडा करंट बॉडीवर सोडतेच, तो जमिनीत जायला वाट पाहिजे, नाही तर तुझ्यातून जाते. बरेच लोक "कॉम्प्युटरमध्ये करंट येऊन राहिला" म्हणून मशीन घेऊन येतात, दोष घरच्या वायरिंगचा असते. इलेक्ट्रिशियनला बोलव, पीसी यायच्या आधी.

---

शाईचे_डाग (कोल्हापूर)

मी अंक आणि पुस्तकांची मांडणी करते, दिवसभर स्क्रीनवर मराठी मजकूर वाचते, त्यामुळे फक्त मॉनिटरबद्दल.

२७ इंचाला १०८० पी घेऊ नका. एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल येतात. इंग्रजी कोड एकवेळ चालून जातो, पण तुमचं ॲप मराठीत आहे म्हणता, तर सोयाबीनच्या दरपत्रकात "क्विंटल" किंवा "दर्यापूर" बारीक अक्षरात लिहून बघा, वेलांटीवरचा अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, आणि मग ॲपमधला फाँट बिघडलाय की स्क्रीन खराब आहे हेच कळत नाही. २७ लाच १४४० पी घेतलं की १०९ पर्यंत जातं, फरक पहिल्या मिनिटाला दिसतो. बजेट नसेल तर २४ इंची १०८० पी घ्या, तेही ९२ येतं.

दुसरं, व्हीए नको, आयपीएस घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर कोड लिहिता ना? स्वस्त व्हीए पॅनलवर गडद रंग बदलायला वेळ लागतो, वरखाली स्क्रोल करताना अक्षरांमागे सावली ओढली जाते. सिनेमाला व्हीएचा काळा रंग सुंदर दिसतो, पण आठ तास कोड वाचायला नाही. कर्व्ह सोडा. त्याऐवजी खालीवर होणारं स्टँड बघा, मान वाचते. हे सगळं बाकीच्या पार्टांपेक्षा जास्त वर्षं टिकणार आहे आणि दिवसभर डोळ्यासमोर राहणार आहे, इथे दोन-तीन हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

---

मोर्णाकाठ_डेव्ह (अकोला)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ऊनसावली दादा, आमच्याकडे डेझर्ट कूलर अगदी टेबलाच्या शेजारच्या खिडकीत आहे, टेबल हलवतोय. ताई, मॉनिटरचं पटलं, १४४० पी आयपीएस नक्की केला.

आता अडकलोय ग्राफिक कार्डावर. ५०६० ८ जीबी, ५०६० टीआय १६ जीबी आणि आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. रॅमचं किट घेतलं तर टीआय १६ बसत नाही. एएमडीचं कार्ड घेतलं तर पुढे पस्तावेन का? उबंटू (लिनक्स) पण टाकायचंय दुसऱ्या बाजूला.

---

सोलापूर_टू_सिल्कबोर्ड (बेंगळुरू)

१४४० पी घेतोयस म्हणजे ८ जीबीचं कार्ड नको. नवीन मोठे गेम ८ भरून टाकतात आणि भरलं की फ्रेम हळू होत नाहीत, मध्येच अडखळतात, ते जास्त त्रासदायक. लोकल मॉडेलचंही तेच, ८ मध्ये ७-८ अब्ज पॅरामीटरचं चार बिटमध्ये आवळलेलं मॉडेल मावतं, १६ मध्ये १४ अब्जाचं आरामात.

एएमडी की एनव्हीडिया हे एका प्रश्नावर ठरव: कुडा (एनव्हीडियाच्या कार्डांवर चालणारं, एआयसाठी लागणारं सॉफ्टवेअर) लागणार आहे का? पुढे पायटॉर्चवर (एआय मॉडेल बनवायचं साधन) ट्रेनिंग शिकायचं असेल, कोर्सचं सगळं साहित्य कुडा धरूनच लिहिलेलं असतं, एएमडीवर त्याच्या जागी आरओसीएम आहे पण पायऱ्या जास्त आणि उत्तरं शोधायला वेळ जातो. नुसतं तयार मॉडेल डाउनलोड करून चालवायचं, ॲप बनवायचं, खेळायचं असेल तर ९०६० एक्सटी १६ जीबी डोळे मिटून घे, १६० वॅटचं आहे आणि उबंटूत ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सचा गाभा) असतो, फक्त कर्नल आणि मेसा (ग्राफिकचं सॉफ्टवेअर) नवीन पाहिजे. तू लिहिलंयस त्यावरून मला तरी कुडा लागेल असं दिसत नाही.

व्हॅलोरंटसाठी मात्र विंडोज ठेवावंच लागेल, त्याचं अँटीचीट (खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू मागतं. उबंटू सिक्युअर बूट चालू ठेवून बसतं, ते बंद करायची गरज नाही.

---

ग्रँटरोड_लोकल (मुंबई)

कार्ड ९०६० एक्सटीला माझं पण मत. आणि रॅमवर सोलापूरकरांचं ऐक, घरून नोकरी आहे म्हटल्यावर ३२ च बरोबर. लिक्विड कूलर, आय७ आणि कर्व्ह्ड मॉनिटर काढले की त्यातूनच किट निघतं. एसएसडी मात्र ५१२ नको, दोन ओएस, एसडीके, एम्युलेटरच्या इमेज, डॉकर आणि दोन मोठे गेम, एका महिन्यात लाल होईल. १ टीबी. जुन्या पीसीत साटा एसएसडी असेल तर ती काढून बॅकअपला लाव, कीबोर्ड-माउस पण तेच वापर.

---

मोर्णाकाठ_डेव्ह (अकोला)

कुडा नाही लागणार, ॲपवरच लक्ष द्यायचंय. मग हे फायनल: रायझन ५ ७६०० बॉक्स कूलरसकट, बी६५० मायक्रो एटीएक्स, १६x२ डीडीआर५ ६०००, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई, ६५० वॅट सुटा पॉवर सप्लाय, जाळीचं कॅबिनेट, २७ इंची १४४० पी आयपीएस. यूपीएस पुढच्या पगाराला, तोपर्यंत इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, साइन वेव्हचाच आहे, बघून आलो. दोन दुकानांत भाव काढले, सव्वा लाखाच्या थोडं वर जातंय पण बाबा हो म्हणाले. जोडणार मी स्वतःच. काही सांभाळायचं?

---

ऊनसावली_नागपूर (नागपूर)

एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नाही, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली की बोर्ड गेला अन वॉरंटीत बसत नाही. प्रोसेसर कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून वरून अलगद ठेव, सरकवू नको. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिक आधी उपटू नको, दांडी दाबली की ते आपोआप उडते, अन ते जपून ठेव, बोर्ड वॉरंटीला पाठवताना मागतात. कूलरला पेस्ट लावूनच येते, वेगळी लावू नको. कूलरचे चार स्क्रू एकदम कसू नको, समोरासमोरचे थोडे थोडे. त्याआधी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन पट्टे काढावे लागतात, मागची प्लेट राहू दे. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या अन चौथ्या खाचेत. एम.२ च्या (एसएसडी बसते त्या खाचेच्या) पत्र्याखाली निळी किंवा पारदर्शक फिल्म असते, ती काढल्याशिवाय पत्रा बसवू नको. मॉनिटरची वायर कार्डात, बोर्डात नको.

अन पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहीन. डीडीआर५ ला बोर्ड पहिल्यांदा ट्रेन करते, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेते, त्यात काही मिनिटं जातात, फॅन फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा लागलेला राहते, मध्ये एकदा-दोनदा आपोआप रीस्टार्ट पण होते. बटण दाबून बंद करू नको, पंधरा मिनिटं थांब. एक्स्पो ऑन केल्यावर परत एकदा असंच होईन.

---

मोर्णाकाठ_डेव्ह (अकोला)

हे माहीतच नव्हतं, मी दोन मिनिटांत बटण दाबलं असतं. सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय अर्थिंग बघायला, त्यानंतर ऑर्डर टाकतो. एक शेवटचं, पार्ट ऑनलाइन मागवले तर बॉक्स उघडताना व्हिडिओ काढायला पाहिजे का?

---

ग्रँटरोड_लोकल (मुंबई)

हो, एकही कट न घेता. पार्सलवरचं लेबल, सील आणि आतल्या पार्टचा सिरियल नंबर एकाच व्हिडिओत दिसला पाहिजे, आणि तो नंबर बिलाशी तिथल्या तिथे जुळवून बघ. ग्राफिक कार्डाचा खोका रिटर्नची मुदत संपेपर्यंत तरी फेकू नकोस.